औषध देणारा जेव्हा औषध लिहून देऊ लागतो

रोग ओळखून औषध सांगणारा एक आणि ते औषध तयार करून देणारा दुसरा, ही विभागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती निसर्गनियमासारखी वाटते. प्रत्यक्षात ती राजाज्ञेने आणि कायद्याने घडवलेली आहे आणि तिच्यामागे आरोग्याइतकाच पैशाचा विचार आहे. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेल्या फर्मानांनी वैद्य आणि औषधविक्रेता यांना एकमेकांच्या धंद्यात भागीदारी करण्यास मनाई केली, कारण जो औषध विकून कमावतो त्याच्याच हाती कोणते औषध हवे हे ठरवणे सोपवले, तर रोग्याच्या गरजेपेक्षा विक्रेत्याची गरज वरचढ ठरण्याची भीती होती. इंग्लंडमध्ये मात्र ही विभागणी बराच काळ पक्की बसली नाही. लंडनच्या विल्यम रोझ नावाच्या अपोथेकरीने, म्हणजे औषधे बनवून विकणाऱ्या व्यावसायिकाने, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एका खाटकावर उपचार केले म्हणून फिजिशियनांच्या महाविद्यालयाने त्याच्यावर दावा लावला. खालच्या न्यायालयात तो हरला, परंतु १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला आणि अपोथेकरींना रोगी तपासून सल्ला देण्याची मोकळीक मिळाली. पुढे १८१५ च्या अपोथेकरी कायद्याने त्यांना पाच वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा सक्तीची केली, आणि हाच वर्ग हळूहळू आजच्या कौटुंबिक डॉक्टरांमध्ये, इंग्लंडमध्ये ज्यांना जीपी म्हणतात त्यांच्यात, रूपांतरित झाला. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ म्हणवणारे दुकानदार आले, १८४१ मध्ये त्यांनी आपली फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन केली, आणि १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने विमाधारक कामगारांची औषधे सामान्यतः केमिस्टकडूनच घेतली जावीत असे ठरवून लिहिणारा आणि देणारा यांच्यातील रेषा ठळक केली.

ही रेषा पुन्हा पुसट करण्याचे काम गेल्या पाव शतकात त्याच देशाने हाती घेतले आहे, आणि या वेळी ते एखाद्या खटल्यातून नव्हे तर नियोजनपूर्वक होत आहे. १९९९ मध्ये डॉ. जून क्राउन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डॉक्टर व दंतवैद्य यांच्याखेरीज इतर व्यावसायिकांनाही औषधे लिहून देण्याचा अधिकार द्यावा अशी शिफारस केली. तिच्या आधारे २००३ मध्ये फार्मासिस्टना ‘पूरक’ अधिकार मिळाला. त्यात निदान डॉक्टरांनी करायचे, रुग्णाच्या संमतीने एक लेखी उपचार-आराखडा ठरवायचा आणि त्या आराखड्याच्या चौकटीत राहून फार्मासिस्टने औषधे सुरू करायची, बदलायची किंवा थांबवायची, अशी व्यवस्था होती. २००६ मध्ये ‘स्वतंत्र’ अधिकार आला. येथे आराखड्याची अट नाही. रुग्णाची तपासणी, निदान आणि औषधाचा निर्णय या सर्वांची जबाबदारी फार्मासिस्टची स्वतःची असते. २०१२ मध्ये मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांपैकी बहुतेकांपर्यंत हा अधिकार विस्तारला. मात्र तो सर्वांना आपोआप मिळत नव्हता. नोंदणी झाल्यानंतर काही वर्षे काम करून, वेगळा अभ्यासक्रम पुरा केला, तरच फार्मासिस्टच्या नावापुढे तशी नोंद होत असे. खरा मोठा बदल जानेवारी २०२१ मध्ये झाला. ग्रेट ब्रिटनमधील फार्मासिस्टचे नियमन करणाऱ्या जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलने मूलभूत शिक्षणाचे नवे निकष जाहीर केले आणि चार वर्षांची पदवी व त्यानंतरचे एक वर्ष प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरे करणारा प्रत्येक उमेदवार २०२६ पासून नोंदणीच्या दिवसापासूनच स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्यास पात्र असावा असे ठरवले.

अधिकार देणे हे कायद्याचे काम असल्याने ते एका तारखेला पुरे होते. अधिकार पेलण्याची तयारी मात्र तारखेने होत नाही. ती नेमकी कशाची करायची हे पाहण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली, वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली विवेकी औषधयोजनेची मार्गदर्शिका उपयोगी पडते. तिच्यात औषध लिहून देण्याची क्रिया सहा पायऱ्यांत मांडली आहे: रुग्णाची अडचण नेमकी ओळखणे, उपचाराचे उद्दिष्ट ठरवणे, आपल्या पसंतीचे औषध या विशिष्ट रुग्णाला योग्य आहे का हे पडताळणे, उपचार सुरू करणे, रुग्णाला माहिती व सूचना देणे आणि शेवटी परिणामांवर लक्ष ठेवून उपचार चालू ठेवणे किंवा थांबवणे. या सहांपैकी तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर फार्मासिस्ट पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. औषधांचा परस्परविरोध, मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रेत करायची घट, गरोदरपणी टाळायची औषधे आणि गोळी जेवणाआधी की नंतर याबाबत त्याचे ज्ञान बहुधा डॉक्टरांपेक्षा जास्त असते. चौथी पायरी लेखणीची असल्याने अवघड नाही. त्याला नव्याने शिकायचे आहे ते पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या पायरीवर, आणि प्रशिक्षणाविषयीच्या बहुतेक चर्चेचा गोंधळ असा की ती औषधशास्त्राचे आणखी तास वाढवण्याकडे वळते, म्हणजे जे आधीच पक्के आहे तेच अधिक पक्के करू पाहते.

पहिल्या पायरीची अडचण काउंटरवरच्या सवयीतून सुरू होते. ब्रिटनमधील औषध दुकानांत चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध मागायला आलेल्या ग्राहकाला विचारण्यासाठी पाच प्रश्नांचा एक ठरलेला साचा अनेक वर्षे शिकवला जातो: औषध कोणासाठी, लक्षणे कोणती, किती दिवसांपासून, आतापर्यंत काय उपाय केला, आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत. साचा उपयुक्त आहे, कारण घाईच्या वेळी कोणताही महत्त्वाचा प्रश्न सुटत नाही. परंतु तो विक्री सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्यासाठी आहे, रोग शोधण्यासाठी नाही. त्यातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन-तीन शब्दांत संपते आणि पुढचा प्रश्न मागच्या उत्तरावर अवलंबून नसतो. निदानासाठीचे संभाषण नेमके उलट्या रीतीने चालते. ब्रिटनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि आता फार्मासिस्टनाही शिकवल्या जाणाऱ्या कॅल्गरी-केंब्रिज पद्धतीत सुरुवातीला रुग्णाला मधे न तोडता बोलू दिले जाते, मग त्याला स्वतःला काय झाले असे वाटते, कशाची धास्ती आहे आणि या भेटीतून काय हवे आहे हे काढून घेतले जाते, आणि त्यानंतरच प्रश्न हळूहळू नेमके केले जातात. छातीत जळजळते म्हणून आम्लपित्ताची गोळी मागणाऱ्या साठीच्या माणसाला ‘किती दिवसांपासून’ विचारल्यास ‘दोन आठवडे’ असे उत्तर येईल. ती जळजळ जिना चढताना सुरू होते आणि थांबल्यावर शमते, हे मात्र त्याला सलग बोलू दिले तरच बाहेर येण्याची शक्यता आहे, आणि त्या एका तपशिलाने प्रश्न पोटाचा न राहता हृदयाचा होतो.

त्यानंतर येतो स्पर्श. फार्मासिस्टच्या शिक्षणात रुग्णाच्या अंगाला हात लावण्याचा प्रसंग पूर्वी क्वचितच येत असे, आणि वीस वर्षे काउंटरमागे काढलेल्या व्यावसायिकाला या बाबतीत वाटणारा संकोच कोणत्याही व्याख्यानाने जात नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘फार्मसी फर्स्ट’ या सेवेने हा प्रश्न ऐरणीवर आणला. सायनसचा दाह, घसादुखी, मुलांमधील मध्यकर्णाचा दाह, कीटकदंशानंतरचा संसर्ग, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांमधील गुंतागुंत नसलेला मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींसाठी रुग्णाने डॉक्टरकडे न जाता औषध दुकानात जावे आणि गरज असल्यास तेथेच प्रतिजैविक किंवा विषाणूरोधक औषध मिळावे, अशी ही योजना आहे. यांतील कानाच्या तक्रारीसाठी ओटोस्कोप, म्हणजे दिवा आणि भिंग असलेले कान तपासण्याचे उपकरण, हाताळावे लागते. प्रौढाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढली की कर्णनलिका सरळ होते, लहान मुलाची मात्र खाली आणि मागे ओढावी लागते. उपकरण धरलेल्या हाताचे बोट मुलाच्या गालावर टेकवून ठेवायचे असते, म्हणजे त्याने अचानक डोके हलवले तर उपकरणही हातासह हलते आणि नलिकेला इजा होत नाही. एवढे जमल्यावर खरे काम सुरू होते, ते म्हणजे दिसणाऱ्या पडद्याचा अर्थ लावणे. तापलेल्या आणि रडणाऱ्या मुलाचा पडदा संसर्ग नसतानाही लाल दिसू शकतो. केवळ लालीपेक्षा पडद्याचा फुगवटा अधिक विश्वासार्ह असतो. चित्रांच्या पुस्तकातून फुगवटा ओळखता येतो असे वाटते खरे, परंतु अनेक निरोगी कान पाहिल्याशिवाय आजारी कान ओळखू येत नाही, आणि तेवढे कान पाहण्याची संधी कोठून आणायची हा अभ्यासक्रम आखणाऱ्यांपुढचा अगदी व्यावहारिक प्रश्न आहे.

याच योजनेतील काही निर्णय मात्र कागदावरच्या निकषांनी बरेचसे बांधलेले आहेत. १६ ते ६४ वयाच्या स्त्रीला लघवी करताना जळजळ, नव्याने रात्री लघवीला उठावे लागणे आणि डोळ्यांना दिसेल इतकी गढूळ लघवी या तीन लक्षणांपैकी किमान दोन असतील, तर मूत्राशयाचा संसर्ग संभवतो आणि नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक तीन दिवस देता येते. ताप, थंडी वाजून येणे किंवा कमरेच्या एका बाजूला दुखणे असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घेऊन तिला डॉक्टरकडे पाठवायचे असते. घशासाठीही पाच मुद्द्यांची गुणपट्टी आहे: गेल्या चोवीस तासांतला ताप, टॉन्सिलवरचा पू, तीन दिवसांच्या आत तपासणीला येणे, टॉन्सिलची तीव्र सूज, आणि खोकला-सर्दी नसणे. गुण शून्य किंवा एक असतील तर प्रतिजैविकाचा उपयोग जवळजवळ नाही आणि चार किंवा पाच असतील तरच त्याचा विचार होतो. येथे एक कायदेशीर बारकावा ध्यानात घ्यायला हवा, कारण वृत्तपत्रांतून तो हमखास निसटतो. ‘फार्मसी फर्स्ट’मध्ये औषध देणारा फार्मासिस्ट तांत्रिकदृष्ट्या औषध ‘लिहून’ देत नाही. ‘पेशंट ग्रुप डायरेक्शन’ या लेखी आदेशाखाली तो ते देतो, म्हणजे अमुक लक्षणांच्या अमुक वयोगटातील कोणत्याही रुग्णाला अमुक औषध अमुक मात्रेत द्यावे, हे आधीच ठरवून ठेवलेले असते. नियमाच्या बाहेरचा रुग्ण समोर आला की हा आदेश गप्प होतो. स्वतंत्र अधिकार असलेल्या फार्मासिस्टला तेथेच बोलावे लागते. म्हणून ‘फार्मसी फर्स्ट’ ही स्वतंत्र अधिकाराची रंगीत तालीम आहे असे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे, कारण तालमीत संवाद लिहून दिलेले आहेत.

संवाद लिहून दिलेले नसतात तेव्हा लागते ती अनिश्चितता सोसण्याची ताकद. फार्मासिस्टच्या शिक्षणाचा पाया अचूकतेवर उभा आहे. मात्रा बरोबर असते किंवा चूक असते, संदर्भग्रंथात कमाल मर्यादा छापलेली असते, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत एका शून्याचीही तडजोड चालत नाही. निदान मात्र बहुतेक वेळा शक्यतांच्या भाषेत असते. पहिल्या दिवशीची पुरळ नागीण आहे की साधी ॲलर्जी, हे तज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी कसलेला डॉक्टर आपल्या अंदाजासोबत एक संरक्षक जाळेही विणतो, म्हणजे काय झाले तर अंदाज चुकला असे समजावे, किती दिवसांत बरे वाटले पाहिजे आणि न वाटल्यास कोठे जावे, हे रुग्णाला नेमके सांगून ते नोंदवून ठेवतो. इंग्लंडमधील डॉक्टर रॉजर नेबर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सल्लामसलतीच्या पद्धतीत याला स्वतंत्र टप्प्याचे स्थान दिले. ‘बरे वाटले नाही तर डॉक्टरांना दाखवा’ हे काउंटरवरचे नेहमीचे वाक्य या कामाला पुरत नाही, कारण त्यात ना मुदत असते ना लक्षण.

दुसऱ्या पायरीबद्दल, म्हणजे उद्दिष्ट ठरवण्याबद्दल, फार लिहिण्याची गरज नाही. पाहिलेल्या प्रत्येक तक्रारीला औषध हे उत्तर नसते आणि औषध न देणे हाही औषधयोजनेचाच निर्णय आहे, एवढे पटले की ती बरीचशी पार होते. सहावी पायरी मात्र दुकानाच्या घडणीलाच धक्का देते. औषध दुकानाचा सारा व्यवहार ‘घेतले, दिले आणि संपले’ असा असतो. गिऱ्हाईक परत आले नाही तर ते बरे झाले, दुसऱ्या दुकानात गेले की रुग्णालयात, हे दुकानाला कळत नाही. लिहून देणाऱ्याला हे कळलेच पाहिजे, नाहीतर तो आपल्या चुकांतून शिकूच शकत नाही. पाठपुरावा केला तर काय साधते याचा चांगला पुरावा कॅनडातील अल्बर्टा प्रांतातून मिळतो. तेथे २००७ पासून फार्मासिस्टना औषधे लिहून देता येतात, आणि रॉस त्सुयुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाब आटोक्यात नसलेल्या २४८ रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक, म्हणजे केवळ योगायोगावर सोडलेली, वाटणी करण्यात आली. एका गटाला नेहमीचेच उपचार आणि छापील माहिती मिळाली. दुसऱ्या गटातील रुग्णांना फार्मासिस्टने तपासले, औषधे लिहून दिली वा बदलली आणि ठरावीक मुदतीने पुन्हा बोलावले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांचा वरचा रक्तदाब उतरला होता, परंतु पहिल्याचा सरासरी ११.८ आणि दुसऱ्याचा १८.३ मिलिमीटरने. यातील श्रेय लेखणीचे किती आणि पुन्हा बोलावण्याचे किती हे चाचणीतून वेगळे काढता येत नाही. औषधांचे ज्ञान दोन्हीकडे उपलब्ध होते हे लक्षात घेता पाठपुराव्याचा वाटा लहान नसावा.

प्रशिक्षणाची चौकट आता पाहता येईल. ब्रिटनमध्ये आधीच नोंदणी झालेल्या फार्मासिस्टसाठी असलेल्या अभ्यासक्रमात सुमारे २६ दिवसांचे विद्यापीठीय अध्ययन आणि ९० तासांचे देखरेखीखालील प्रत्यक्ष काम असते. नव्या पदवीधरांच्या प्रशिक्षण-वर्षातही ९० तासांची ही अट ठेवली आहे. अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या त्रिकोणाचा आधार या निकषांना आहे: तळाशी ‘ठाऊक असणे’, त्यावर ‘कसे करायचे ते ठाऊक असणे’, त्यावर ‘करून दाखवता येणे’ आणि शिखरावर ‘प्रत्यक्ष करणे’. लेखी परीक्षा तळाच्या दोन थरांपर्यंतच पोहोचते. तिसऱ्यासाठी डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये विकसित केलेली, वेगवेगळ्या टेबलांवर मोजक्या मिनिटांत एकेक कौशल्य करून दाखवण्याची परीक्षा वापरली जाते, आणि तिच्यात रुग्णाची भूमिका शिकवून तयार केलेली माणसे करतात. शिखर मात्र खऱ्या रुग्णाशिवाय गाठता येत नाही, आणि म्हणूनच ते ९० तास सर्वांत मोलाचे आहेत.

हे तास ज्याच्या देखरेखीखाली पुरे करायचे तो अनुभवी, स्वतः औषधे लिहून देणारा मार्गदर्शक असावा लागतो. पूर्वी तो डॉक्टरच असला पाहिजे अशी अट होती, आता तो अनुभवी परिचारिका किंवा फार्मासिस्टही असू शकतो. अट सैल केली तरी माणसे मिळत नाहीत, कारण रुग्णालयात किंवा डॉक्टरांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या फार्मासिस्टच्या शेजारीच असा मार्गदर्शक बसलेला असतो, तर वस्तीतल्या दुकानात काम करणारा एकटा असतो. म्हणजे या अधिकाराची सर्वाधिक गरज जेथे सांगितली जाते तेथेच तो शिकण्याची सोय सर्वांत तोकडी आहे. पदवीच्या वर्गातील सर्वांना एकदम हा अधिकार देण्याच्या योजनेचा कच्चा दुवा अभ्यासक्रमात नव्हे, तर येथे आहे. अल्बर्टाने दुसरी वाट धरली. तेथे अतिरिक्त अधिकार मागणाऱ्याला विद्यापीठाचा अभ्यासक्रम सक्तीचा नाही. त्याने आपण प्रत्यक्ष सांभाळलेल्या रुग्णांच्या नोंदी, त्यामागच्या विचारासह, नियामक संस्थेकडे सादर करायच्या आणि प्रशिक्षित समव्यावसायिकांनी त्या तपासायच्या, अशी पद्धत तेथे आहे. ती स्वस्त आहे आणि मार्गदर्शकाच्या तुटवड्यात अडकत नाही, परंतु ज्याला अजून काम जमत नाही त्याला ती शिकवत नाही, फक्त जमते त्याला ओळखते.

कायदा आणि कुवत यांतील अंतर या अधिकारात फार मोठे आहे, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे. स्वतंत्र अधिकार मिळालेला ब्रिटिश फार्मासिस्ट कायद्याने जवळजवळ कोणतेही औषध लिहू शकतो. अडवते ती कायद्याची यादी नव्हे, तर आपल्या कुवतीबाहेर लिहायचे नाही ही व्यावसायिक आचारसंहिता. दम्यावर प्रशिक्षण घेतलेल्याने अपस्माराचे औषध बदलू नये हे त्याचे त्यानेच ठरवायचे. यासाठी तेथील रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीने औषधे लिहून देणाऱ्या सर्वच व्यावसायिकांसाठी, डॉक्टरांसह, एकच क्षमता-आराखडा केला आहे. त्यातील दहा क्षमता दोन भागांत येतात, एक रुग्णभेटीचा आणि दुसरा सुरक्षितपणे व जबाबदारीने काम करण्याचा. सर्वांना एकच मोजपट्टी लावणे योग्यच आहे, कारण चुका डॉक्टरांकडूनही कमी होत नाहीत. इंग्लंडमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तपासलेल्या सव्वा लाखाच्या आसपास औषधनोंदींपैकी ८.९ टक्के नोंदींत चूक आढळली होती, आणि त्या चुका शोधून काढणारे होते रुग्णालयांतील फार्मासिस्ट.

यातूनच सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहतो: ज्याने चूक पकडायची तोच लिहू लागला तर त्याची चूक कोण पकडणार? जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची भूमिका अशी की लिहून देणे आणि देणे ही कामे सामान्यतः दोन वेगळ्या व्यक्तींनी करावीत, आणि अपवादात्मक प्रसंगी एकालाच दोन्ही करावी लागली तर तसे का झाले याची नोंद ठेवावी. भूमिका रास्त आहे, परंतु ज्या दुकानात एकच फार्मासिस्ट आहे तेथे दुसरी व्यक्ती आणायची कोठून? शिवाय तेथील नियमानुसार दुकान चालू असताना एक जबाबदार फार्मासिस्ट नेमलेला असावाच लागतो. तो तपासणीच्या बंद खोलीत पंधरा मिनिटे एका रुग्णासमोर बसला की बाहेर चिठ्ठ्या साचू लागतात आणि दार वाजते. म्हणून प्रशिक्षण केवळ फार्मासिस्टचे करून भागत नाही. तंत्रज्ञ आणि साहाय्यक यांच्यावर तयार औषधांच्या पडताळणीची किती जबाबदारी टाकायची, रुग्णाच्या डॉक्टरकडील नोंदी दुकानाच्या संगणकावर कितपत दिसाव्यात, हेही त्यासोबत ठरवावे लागते. मूत्रपिंडाच्या कार्याचा शेवटचा अहवाल पाहता येत नसेल, तर उत्तम शिकलेल्या फार्मासिस्टनेही नायट्रोफ्युरँटॉइन लिहिणे हा बराचसा विश्वासाचा खेळ होतो. आणि दुसऱ्या फ्रेडरिकला सतावणारा पैशाचा प्रश्नही मिटलेला नाही. ‘फार्मसी फर्स्ट’मध्ये दुकानाला शुल्क मिळते ते रुग्णभेटीचे, औषध दिले नाही तरीही, विक्रीचा मोह निर्णयापासून दूर ठेवण्याचा हा प्रयत्न या साऱ्या रचनेतील सर्वांत शहाणा भाग म्हणावा लागेल.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील बरेच ओळखीचे वाटेल, कारण ‘आधी मेडिकलमध्ये विचारून बघू’ हा येथील घरोघरचा शिरस्ता आहे. कायद्याने पाहता भारतातील फार्मासिस्टला असा कोणताही अधिकार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील नियमांच्या परिशिष्ट एचमधील औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरे देण्यासही नियमांत मनाई आहे, आणि मार्च २०१४ पासून लागू झालेल्या परिशिष्ट एच१ मधील औषधांसाठी, ज्यांत अनेक प्रतिजैविके येतात, रुग्णाचे व डॉक्टरचे नाव लिहिलेली वेगळी नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागते. व्यवहारात काउंटरवरून मिळणारा सल्ला हा नावाविना, नोंदीविना आणि जबाबदारीविना चालणारा उपचार असतो, आणि ब्रिटनमधील अधिकाराशी त्याची बरोबरी करणे चुकीचे ठरेल, कारण तेथे दिलेल्या प्रत्येक औषधामागे एक नाव आहे, ज्याला नियामक संस्थेपुढे उभे करता येते. येथील बहुसंख्य दुकाने दोन वर्षांच्या पदविकेवर चालतात. रुग्णालयीन प्रशिक्षणासह सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रम २००८ पासून आहे, पण त्या पदवीधराला दुकानात बसून वापरता येईल असे त्या शिक्षणातले काही कायद्याने दिलेले नाही.

शिकलेले वापरायला न मिळण्याचा धोका ब्रिटनमध्येही आहे. स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये वस्तीतल्या दुकानांतील स्वतंत्र अधिकारधारक फार्मासिस्टसाठी सरकारी खर्चाच्या नियमित सेवा सुरू केल्या, आणि तेथे घसा, कान, त्वचा, मूत्रमार्ग यांच्या किरकोळ तक्रारी असा फार्मासिस्ट लेखी आदेशाच्या चौकटीबाहेर जाऊनही हाताळू शकतो. इंग्लंडने २०२३ पासून निवडक ठिकाणी प्रायोगिक प्रकल्प चालवून कोणत्या तक्रारी, कोणत्या संगणकप्रणाली आणि कोणते मोबदले योग्य ठरतील हे पाहायला सुरुवात केली. पण पदवीधरांची तुकडी ठरलेल्या वर्षी बाहेर पडते आणि सेवेचा करार वाटाघाटींच्या गतीने पुढे सरकतो. ओटोस्कोप धरायला शिकलेला हात वर्षभर केवळ पाकिटे तपासत राहिला, तर पाळी कोणत्या बाजूला ओढायची हे तो विसरत नाही. फुगलेला पडदा आणि केवळ लाल झालेला पडदा यांतील फरक ओळखणारी नजर मात्र त्याआधीच मंदावते.